झाक्सनहाउझन: माइन नदीच्या दक्षिण काठावरची वस्ती

माइनकाठ

फ्रँकफर्टला नवीन आलेल्या मंडळींना झाक्सनहाउझन दाखवतात ते बहुधा शनिवारी संध्याकाळी, आणि तेही दोन गल्ल्यांपुरतं. मग 'पिण्याची जागा' एवढीच त्याची ओळख डोक्यात बसते. हा त्या वस्तीवर सरळसरळ अन्याय आहे. आठशे वर्षांचा हा भाग नदी, चढण आणि तळघरं यांच्या जोरावर उभा आहे. हे तीन धागे लक्षात आले की इथलं खाणं, पिणं, रस्ते, बुरूज सगळ्यांची संगती लागते. म्हणून हा धागा. ज्यांना या भागाची नीट माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी भूगोल. माइन इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. उत्तर काठावर जुनं शहर, कॅथेड्रल आणि जुनं नगरभवन र्‍योमर, दक्षिण काठावर झाक्सनहाउझन. नदीलगत सपाट पट्टी, तिच्या मागे झाक्सनहाउझर बेर्गची चढण आणि चढण संपली की शहराचं जंगल, श्टाटवाल्ड. पाण्याकाठी कोळी आणि कातडी कमावणारे, सपाटीवर भाजीपाल्याचे मळे, चढणीवर द्राक्षबागा अशी कामांची वाटणी जमिनीनेच करून दिली होती. चांभारकामाच्या कातड्याला वाहतं पाणी भरपूर लागतं आणि दुर्गंधीही सुटते, त्यामुळे तो धंदा शहराच्या पलीकडच्या काठावर असणंच सोयीचं होतं. लोअरगासे ही गल्ली त्याच धंद्याची.

वस्तीचा पहिला लेखी उल्लेख 1193 चा. 1221 मध्ये ट्युटॉनिक ऑर्डर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या सरदारांना इथे जागा मिळाली. पुलाच्या दक्षिण टोकाशी त्यांचं डॉइचऑर्डेन्सहाउस आजही आहे. पुढच्याच वर्षी, 1222 मध्ये, आल्टे ब्र्युके या पुलाचा उल्लेख येतो. शतकानुशतकं दोन काठांना जोडणारा हा एकच पूल होता. बाजारहाट, सैन्य, यात्रेकरू, सगळे त्याच्यावरूनच. झाक्सनहाउझन शहराच्या तटबंदीतच घेतलेलं होतं, कारण हा काठ शत्रूच्या हाती गेला तर पूलही गेलाच.

पाणवठा

चांगला विषय. नदीबद्दल माझी भर.

1342 च्या जुलैत, मेरी मॅग्डलेनच्या सणाच्या सुमारास, मध्य युरोपात जो पूर आला त्यात माइनची पातळी फ्रँकफर्टला 7.85 मीटरपर्यंत गेल्याचं मानतात. पुलाचा बराचसा भाग वाहून गेला. पूर म्हटलं की आपल्याला पावसाळाच आठवतो, पण माइनचे बहुतेक मोठे पूर हिवाळ्यातले असतात: वरच्या डोंगरांतला बर्फ वितळतो, त्यात पाऊस पडतो आणि खालची जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. 1342 चा पूर भर उन्हाळ्यातला, म्हणूनच तो वेगळा. आयझर्नर श्टेग या लोखंडी पादचारी पुलाच्या खांबावर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, त्या शेजारी उभं राहून जरूर बघा.

आज नदी जी शांत, तलावासारखी दिसते ती मुळात तशी नव्हती. 1883 ते 1886 या काळात माइन्झ ते फ्रँकफर्ट असा पट्टा बंधारे आणि जलपाशांनी (बोटींना वरखाली नेणाऱ्या दारांच्या हौदांनी) अडवला. शहरातली पाणीपातळी आता खालच्या ग्रीसहाइम बंधाऱ्यावरून राखली जाते. मात्र बंधारा फक्त कमी पाण्याच्या दिवसांत खोली राखतो. पूर आला की दारं उघडावी लागतात आणि बंधाऱ्याचा पुराला काहीच अटकाव राहत नाही. 'बंधारे आहेत, मग पूर कसा?' हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच, त्याचं उत्तर हे.

व्यवहाराची गोष्ट: काठाला दोन पातळ्या आहेत. खालचा धक्का सगळ्यांत आधी बुडतो, वरचा रस्ता क्वचित. जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन दिवस सलग पाऊस असेल तर खाली सायकलसुद्धा बांधून ठेवू नका. 'फ्रँकफर्ट ओस्टहाफेन' या मापन केंद्राची पातळी नेटवर कुणालाही बघता येते. पाणी ओसरल्यावरही चिखलाचा पातळ थर राहतो आणि तो ओला असताना भलताच निसरडा असतो.

नकाशावाला

पायी बघायचं असेल तर क्रम असा ठेवा, म्हणजे उलटसुलट चालावं लागत नाही.

उत्तरेकडून आयझर्नर श्टेगवरून या. पूल 1869 चा. 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला होता, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा उभा केला. उतरल्यावर डावीकडे वळून नदीकाठाने द्रायक्योनिग्सकिर्शे हे चर्च, पुढे डॉइचऑर्डेन्सहाउस, मग आल्टे ब्र्युकेचं टोक. पुलावर सोनेरी कोंबडा आहे, त्याला स्थानिक लोक ब्रिकेगिकेल म्हणतात. पूल पुरा करून देण्याच्या बदल्यात सैतानाने पुलावरून जाणारा पहिला जीव मागितला आणि गवंड्याने कोंबडा पुढे सोडला, ही दंतकथा. खरा उपयोग वेगळा: नावाड्यांना सगळ्यांत खोल पाण्याची कमान कुठली ते या खुणेवरून कळायचं. आजचा पूल 1926 चा आहे, दगडाच्या लालसर रंगावरून मध्ययुगीन समजू नका.

तिथून पूर्वेला चार पावलांवर कूहिर्टनटुर्म, साधारण 1390 चा बुरूज. झाक्सनहाउझनच्या तटबंदीचा उभा राहिलेला हा एकच बुरूज. संगीतकार पाउल हिंडेमिथ 1923 ते 1927 या काळात त्यात राहत होता. युद्धात बुरूज जळाला, पुढे दुरुस्त झाला, आता शेजारी युथ हॉस्टेल आहे. बुरुजामागून ग्रोसे रिटरगासे, तिथून क्लापरगासे. क्लापरगासेत फ्राउ राउशर या लोकगीतातल्या बाईचं कारंजं आहे, 1961 चं. मधूनमधून ते सरळ रस्त्यावर पिचकारी मारतं. कॅमेरा घेऊन समोर उभं राहण्याआधी जमिनीवरचा ओला पट्टा कुठपर्यंत आलाय ते बघा आणि त्याच्या बाहेर थांबा.

मग नॉयर वाल, टेक्स्टोरश्ट्रासे आणि शेवटी श्वाइट्सर श्ट्रासे. परत जायला श्वाइट्सर प्लाट्सला यू-बान (भुयारी रेल्वे) आहे. रमतगमत अडीच तास पुरतात.

म्युझियमं यात धरली नाहीत. ती आयझर्नर श्टेगच्या पश्चिमेला, शाउमाइनकाईवर ओळीने आहेत: उपयोजित कलांचं (रिचर्ड मायरची पांढरी इमारत, 1985), चित्रपटाचं, वास्तुकलेचं, श्टेडेल (चित्रं), लीबिगहाउस (शिल्पं). एका श्टेडेललाच अर्धा दिवस लागतो. बहुतेक सोमवारी बंद, त्यामुळे सोमवारी चक्कर ठेवू नका. याच रस्त्यावर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, पण एक आठवडा इथे आणि एक आठवडा नदीपलीकडे ओस्टहाफेनजवळ, तेव्हा तारीख तपासून निघा.

कोकमसरबत

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: इथली आप्फेलवाइन, म्हणजे सफरचंदाची दारू, इतकी आंबट आणि तुरट का असते? सफरचंदाची म्हणून गोड असेल असं वाटतं. आणि द्राक्षबागा होत्या म्हणता, त्या गेल्या कुठे?

तळघर

द्राक्षबागा आधी. 16व्या ते 18व्या शतकात हवामान गार होत गेलं, कडक हिवाळ्यांनी वेली मारल्या, त्यात युद्धं आणि रोगांची भर पडली. त्याच चढणीवर सफरचंदाची झाडं मात्र थंडी सोसत होती. तळघरं, घाणे, पिंपं आणि आंबवण्याचं ज्ञान सगळं वाइनवाल्यांकडे तयारच होतं, फक्त फळ बदललं. दारावर हिरव्या फांद्यांचं कडं लावून 'नवी तयार झाली' हे कळवायची रीतही वाइनवाल्यांचीच, ती तशीच चालू राहिली.

आता आंबटपणा. यासाठी खायची सफरचंदं वापरतच नाहीत. बोनआप्फेल, बोसकोप, ट्रीरर वाइनआप्फेल यांसारख्या जाती लागतात, ज्यांत आम्ल आणि तुरटपणा दोन्ही भरपूर. शिवाय आंबणं पूर्ण होऊ देतात, म्हणजे साखर जवळजवळ उरतच नाही. गोडी गेली की आंबटपणा झाकायला काही राहत नाही.

ज्यांना घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी प्रमाण:

100 किलो सफरचंदांतून घरगुती पिंजऱ्याच्या घाण्यावर साधारण 50 ते 60 लिटर रस निघतो, मोठ्या हायड्रॉलिक घाण्यावर 70 च्या आसपास. फळं धुवा. डागाळलेली चालतात, कुजलेली एकही नको, कारण कुजक्या भागात व्हिनेगर करणारे जिवाणू असतात आणि पुढे सगळं पिंप बिघडवतात. फळं आधी दळून जाडसर लगदा करायचा, मग कापडात बांधून दाबायचा. आख्खी फळं दाबून रस निघत नाही.

रसाची गोडी घनतामापकाने मोजतात, एकक एक्सले. 50 एक्सले हा नेहमीचा आकडा. त्याला 8 ने भागलं की मद्याचं प्रमाण अंदाजे कळतं, म्हणजे सहा टक्क्यांच्या जवळपास. 40 च्या खाली असेल तर दारू इतकी कमजोर होते की उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही.

रस काचेच्या मोठ्या बुधल्यात नव्वद टक्के भरायचा, वर फेसाला जागा हवी. बुचात पाणी भरलेली वाकडी नळी: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. 15 ते 18 अंश तापमान उत्तम. 22-25 ला आंबणं झपाट्याने होतं, पण फळाचा वास उडून जातो. आठ ते बारा आठवड्यांनी बुडबुडे थांबतात. मग गाळावरून वरची नितळ दारू नळीने दुसऱ्या भांड्यात काढायची आणि ते भांडं अगदी गळ्यापर्यंत भरायचं. सगळ्यांत जास्त वेळा इथेच बिघडतं. भांडं अर्धवट ठेवलं, वर हवा राहिली, की महिन्याभरात पृष्ठभागावर पातळ साय येते आणि नाकाला व्हिनेगरचा झणका बसतो. त्यावर इलाज नाही, सॅलडसाठी वापरायची. माल कमी असेल तर भांडं लहान घ्या.

बाकीचे दोष: रंग तपकिरी झाला तर हवा लागली आहे. काळपट झाला तर लोखंडाचा संबंध आला आहे, कारण तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काळी पडतात. म्हणून गंजकी कढई, खिळा, नळ कशाचाही स्पर्श नको. तेलासारखी तार धरली तर फळात आम्ल कमी होतं.

नकाशावाला

श्पायरलिंगबद्दल लिहा की. खानावळीच्या पाटीवर हे नाव दिसतं आणि लोकांना वाटतं ती दुसरीच दारू आहे.

तळघर

श्पायरलिंग हे रोवनच्या जातीतल्या एका झाडाचं फळ, लहान नासपतीसारखं. ते कच्चं असताना विलक्षण तुरट असतं. त्याचा रस सफरचंदाच्या रसात अगदी थोडा, एक ते तीन टक्के, घालतात. त्यातली तुरट द्रव्यं रसातल्या प्रथिनांना धरून खाली बसवतात, त्यामुळे दारू स्वच्छ होते आणि जास्त टिकते. झाडं दुर्मिळ आहेत आणि फळ द्यायला बरीच वर्षं घेतात, म्हणून अस्सल श्पायरलिंग महाग.

बारामती एक्सप्रेस

झाक्सनहाउझनमधल्या सगळ्या जुन्या खानावळी स्वतःच्या तळघरात स्वतः गाळतात ना?

तळघर

नाही. काही अजून स्वतः गाळतात, बऱ्याच जणी मोठ्या गाळणाऱ्यांकडून आणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. सफरचंदंही आता चढणीवरची नसतात, चढणीवर घरं झाली. फळ वेटराउ, टाउनुस, श्पेसार्ट या भागांतल्या जुन्या बागांतून येतं. या बागांत उंच झाडं विरळ लावलेली असतात आणि खाली गवत असतं, त्यामुळे तोडणी हाताने आणि खर्चिक. दर चांगला मिळाला तरच शेतकरी त्या राखतो. एका ग्लासचे चार पैसे जास्त गेले तर ते या बागांसाठी जातात असं समजा. हस्तकलेने आप्फेलवाइन करण्याची परंपरा 2022 मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, ते योग्यच झालं.

माइनकाठ

आता टेबलावरचे संकेत, कारण इथे पाहुण्यांची गडबड होते.

दारू येते ती बेंबेलमध्ये: करड्या रंगाचा, निळी नक्षी काढलेला, मिठाची झिलई दिलेला पोटाळ दगडी चंबू. जाड भिंतींमुळे आतलं गार राहतं. मागणी ग्लासांच्या हिशोबाने करायची. चाराचा बेंबेल म्हणजे चार ग्लासांचा. दोघांना तो पुरतो, आठाचा मागवू नका, शेवटचा अर्धा कोमट होतो. ग्लास गेरिप्टेस, अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचा असलेला. तेलकट बोटांतून निसटत नाही आणि गढूळ दारू त्यात उजळ दिसते. पारंपरिक माप 0.3 लिटर, हल्ली 0.25 चेही असतात, मागवण्यापूर्वी कार्डावर बघा.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी 'झाउअरगेश्प्रिट्स्ट' मागावी, म्हणजे सोडा मिसळलेली. लिंबू-सोड्याची गोड बाटली मिसळून मागितली तर शहराच्या इतर भागांत कुणी काही म्हणत नाही, इथे मात्र वाढपी दोन शब्द सुनावू शकतो. मनाला लावून घेऊ नका, त्यांना त्या दारूचं खरंच पडलेलं असतं.

लांब बाकांवर अनोळखी लोकांशेजारी बसायची पद्धत आहे. 'जागा रिकामी आहे का' एवढं विचारून बसा. चौघांसाठी अख्खं टेबल अडवून धरणं इथे उद्धटपणा मानतात. रोख पैसे जवळ असू द्या.

कोकमसरबत

शाकाहारी लोकांनी काय खायचं? बहुतेक कार्डं डुकराच्या मांसाने भरलेली दिसतात.

रानभाजी

हा प्रश्न आला ते बरं झालं. ग्र्यूने झोसे, म्हणजे हिरवा सॉस! शेजारच्या ओबरराडमध्ये मळे आहेत, आणि 2016 पासून या मिश्रणाला युरोपीय भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे. सात पाल्यांची हिरवी, थंड, न शिजवलेली चटणीसारखी भाजी: पार्सली, चाइव्ह्ज, चर्व्हिल, बोराज, पिंपिनेल, क्रेसे आणि झाउअरआम्प्फर. कुठलाही एक पाला वजनाने 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

यातले दोन आपल्या ओळखीचे निघतात. क्रेसे म्हणजे आपला हळीव. आपण बी लाडवात घालतो, हे लोक कोवळा पाला खातात. आणि झाउअरआम्प्फर हा आंबट चुक्याचा अगदी जवळचा भाऊबंद, चव लगेच ओळखू येते.

बाजारात सातही पाले पांढऱ्या कागदाच्या सुरळीत गुंडाळून मिळतात. एक सुरळी साधारण 250 ग्रॅम, चौघांना पुरते. कृती:

बोराज आणि पार्सलीचे जाड देठ काढा, नाहीतर दोरे दाताखाली येतात. गार पाण्यात धुवून पूर्ण कोरडे करा, फडक्यात गुंडाळून झटकलं तरी चालेल. पाणी राहिलं की सॉस पातळ होऊन ताटभर पसरतो. सुरीने बारीक चिरा. मिक्सरमधून काढायचा मोह होतो, पण पाती गरम होऊन पाला ठेचला जातो, रंग मळकट येतो आणि कडवटपणा सुटतो. मग 250 ग्रॅम आंबट साय आणि 250 ग्रॅम घट्ट दही, चमचाभर मोहरीची पेस्ट, दोन चमचे तेल, मीठ, मिरपूड, चिमूट साखर. तासभर फ्रिजमध्ये. लिंबू अगदी वाढताना, कारण आम्लाने हिरवा रंग उतरतो.

सोबत सालीसकट उकडलेले बटाटे आणि उकडलेल्या अंड्यांचे अर्धे भाग. अंडं चालत नसेल तर मागवतानाच दोन्ही सांगा: ताटात नको, आणि सॉसमध्येही चिरून घातलेलं नाही ना. काही ठिकाणी घालतात आणि चिरलेलं असल्यामुळे ते दिसत नाही. हंगाम ईस्टरच्या आधीच्या गुरुवारपासून शरदापर्यंत. हिवाळ्यातला पाला काचघरातला असतो, त्याला तो झोंबरा वास नाही.

दुसरा पदार्थ हांडकेझे मिट म्युझीक: आंबवलेल्या दुधाचं, चरबी जवळजवळ नसलेलं छोटं गोल चीज, वर व्हिनेगर-तेलात मुरवलेला कच्चा कांदा आणि शहाजिऱ्यासारखं काराव्हे. काट्याशिवाय, नुसत्या सुरीने पावावर घेऊन खातात. वास उग्र आहे, चव मात्र सौम्य. मधोमध पांढरा, कोरडा गाभा दिसला तर ते अजून पिकलेलं नाही, पूर्ण पिवळसर अर्धपारदर्शक झालेलं अधिक चांगलं.

बारामती एक्सप्रेस

पुलाजवळच्या जुन्या भागात रात्रीच्या वेळी फारच गोंगाट असतो. तो भाग असा का झाला?

पाणवठा

मार्च 1944 च्या हवाई हल्ल्यांत फ्रँकफर्टचा जुना भाग जळाला, झाक्सनहाउझनच्या गल्ल्यांचंही मोठं नुकसान झालं. घरं पुन्हा बांधली गेली, पण रहिवासी सगळे परतले नाहीत. युद्धानंतर शहरात अमेरिकन सैन्याचा मोठा तळ होता आणि त्या गिऱ्हाइकावर बार वाढले. सैनिक कमी झाले तेव्हा मागे स्वस्त दारूची दुकानं उरली, आणि गोंगाटामुळे राहणारे आणखी बाहेर पडले. गेली काही वर्षं तिथे पुन्हा घरं आणि चांगल्या खानावळी आणायचे प्रयत्न चालू आहेत, पाराडीसहोफच्या परिसरात ते दिसतात. तोवर शुक्रवार-शनिवारी रात्री ग्रोसे रिटरगासे टाळून टेक्स्टोरश्ट्रासे किंवा श्वाइट्सर श्ट्रासेला जा. सकाळी अकराच्या सुमारास मात्र त्याच गल्ल्या अतिशय सुंदर असतात.

कोकमसरबत

शेवटचा प्रश्न. मुलं आणि न पिणारी मंडळी बरोबर असतील तर?

तळघर

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या आणि 'झ्युसर' मागा: घाण्यावरून थेट आलेला, न आंबलेला गोड रस. पण त्याच दिवसांत 'राउशर'ही मिळते, ती अर्धवट आंबलेली. दिसायला दोन्ही गढूळ. राउशर जिभेला चुरचुरते, तिच्यात मद्य असतं आणि जिवंत यीस्टमुळे पोट भराभर साफ होतं, त्यामुळे मुलांना देण्याआधी स्वतः घोट घेऊन बघा. झ्युसर घरी नेलात तर फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा आणि बाटलीचं झाकण सैल ठेवा. घट्ट लावलं आणि बाटली ओट्यावर राहिली, तर आत वायू साठून काच फुटते.